करपलेला पाव

आमचे बेकरीवाले काका नरकाचे कट्टर पुरस्कर्ते. पाव बांधून देतादेताही गिऱ्हाइकाला सार्वकालिक अग्नीची धास्ती घालत. मग त्यांचा थोरला भाऊ वारला. तो चर्चची पायरी कधी चढलाच नव्हता.

वहिनींनी काकांना भट्टीपाशीच गाठलं. "भावोजी, हे आता कायमचे जळणार का हो?"

काका करपलेला पाव खरवडत होते. असे पाव ते कधी टाकत नसत, स्वतःच खात.

"वहिनी, मला पाव टाकवत नाही, देवाला माणूस टाकवेल?"

"पण शास्त्रात अग्नी लिहिलाय ना?"

"दयाही सनातन लिहिलीय. ते पान मी भरभर उलटायचो."

वहिनींनी डोळे पुसले. "पण देवाला म्हणावं, दमानं घे. तीस वर्षं यांना खरवडून मी थकले!"