पिकअपचा पंख आणि झरीला गेलेलं रुखवत

काकूंनी मदत केली. हे सगळ्यात आधी लिहून ठेवतो, नाहीतर पंखाची गोष्ट सांगता सांगता मी मालकाच्या हौसेत आणि माझ्या घाबरटपणात गुंतेन आणि त्या राहून जातील. पाथरीत मी ज्यांच्या ओसरीवर राहत होतो, त्या काकू. घरात मेंढरं, गावाबाहेर थोडं रान, आणि तोंड असं की स्टँडवरचे जीपवालेसुद्धा त्यांना वाट करून द्यायचे.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर व्हायला अजून अवकाश होता, तेव्हाचे हे दिवस. मी कोकणातला. सातवीत शाळा सोडली, ट्रकवर क्लीनर म्हणून चढलो, स्टेअरिंग शिकलो आणि फिरत फिरत पाथरीत येऊन थांबलो. तिथल्या एका शेतकरी मालकानं विश्वासानं पिकअप हाती दिली. विश्वास त्यांचा होता, माझा नव्हता. रोज सकाळी किल्ली फिरवताना वाटायचं, आज ह्यांना कळणार की ह्याला काही येत नाही, आणि आज आपल्याला घरी पाठवणार.

गाडी चांगली होती, पण रिकामी असली की मागून हलकी. मुरमाच्या वळणावर तिची शेपूट सरकायची. दुसरा त्रास धुळीचा. लोकांना वाटतं, गाडी धूळ मागं टाकून पुढं जाते. तसं नसतं. गाडी वारं फाडत जाते, तिच्या पाठीमागं पोकळी राहते, आणि ती भरायला वारं उलटं फिरून मागच्या उघड्या हौद्यातच शिरतं. येताना चाकांनी उडवलेली सगळी धूळ घेऊन येतं.

एका लग्नात हे चांगलंच महागात पडलं. आम्ही नवरीचं रुखवत घेऊन गेलो होतो. लाडूंचे मनोरे, कुरडया, शंकरपाळ्यांचं देऊळ, कापसाचे ससे. पोचलो तेव्हा ससे उंदरासारखे दिसत होते. नवऱ्याकडची एक बाई लाडूकडं बघून म्हणाली, "इहीणबाई, राखुंडीत लोळवून आणलेत जणू!" ताडपत्री बांधून पाहिली होती. ती फडफडून कुरडयांचा चुरा करायची, आणि धूळ फटीतून यायचीच.

आता मालकाच्या स्वतःच्या लेकीचं लग्न ठरलं, झरीला. रुखवत माझ्याच गाडीत जाणार होतं. मालक हसत हसतच म्हणाले, पण म्हणाले: "ह्या खेपेला धूळ लागली, तर तू आपला कोकणात जाऊन नारळ सोल."

ते हसले म्हणून मला जास्त भीती वाटली.

उपायही मालकांनीच काढला. परभणीला एका गॅरेजात त्यांनी कॅलेंडरवर परदेशी पिकअप पाहिली होती. शर्यतीची, लालभडक, आणि मागं उभा केलेला रुंद पंख. गॅरेजवाल्यानं सांगितलं, वारं त्या पंखावर आपटून वर जातं, त्यामुळं गाडीची शेपूट खाली दाबली जाते. मालक तिथंच प्रेमात पडले. पाथरीत येऊन वेल्डिंगवाल्याकडून पत्रा वाकवून घेतला, मागच्या फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या पाठच्या झडपेवर, दोन वीतभर खांब जोडले आणि वर लाल पंख बसवला. मागची कड वर, अगदी चित्रासारखी.

स्टँडवर गर्दी जमली.

"मालक, उडायच्या आधी हाळी द्या, आमी बी येतो."

"डायवर, रातच्याला अंडी घालतंय का रं हे?"

मी गाडी पिटाळून आणली. काही फरक नाही. शेपूट तशीच सरकली, धूळ तशीच आत आली. मालक म्हणाले, "चित्रातली गाडी काय येडी हाय का? तुलाच चालवता येईना."

त्या दिवशी मला भाकरी जाईना. काकूंनी ताटाकडं पाहिलं.

"काय रं, पंख फुटल्यापासून दाणेच टिपायलास का काय?"

मी सगळं सांगितलं. झरी, नारळ, सगळं. काकूंनी ऐकलं आणि कोपऱ्यातलं ज्वारीच्या भुशाचं टोपलं काखेत मारलं. "वारं डोळ्याला दिसत न्हाई म्हणून घोटाळा हाय. चल, दिसंल असं करू."

त्या हौद्यात बसल्या. मी गावाबाहेर गाडी काढली, वेग घेतला. मागं काकू मूठ मूठ भुसा उधळायला लागल्या. आरशात बघतो तर भुसा मागं जायचं सोडून गोल फिरून त्यांच्याच तोंडावर येत होता. त्या ओरडत होत्या. मी घाबरून ब्रेक मारला आणि मागं धावलो. ओरडत नव्हत्या, हसत होत्या. भुवया, केस, पदर, सगळं भुशानं भरलेलं.

"आरं, तुझा पंख तर गंजीच्या आडोशाला उभा हाय!"

मला कळेना. त्यांनी डोळे पुसत सांगितलं. खळ्यावर उफणताना कडब्याच्या गंजीमागं कोणी उभं राहत नाही. तिथं वारं मरतं, नुसतं गरगरतं, आणि भुसा परत अंगावर येतो. गाडीची केबिन म्हणजे गंजी. तिच्यामागं, तिच्यापेक्षा बुटका पंख लावून उपयोग काय? मात्र त्यांनी उभं राहून टपाच्या वर हात करून सोडलेली मूठ सरळ मागं गेली होती. वारं होतं ते तिथं, वर.

वेल्डिंगवाल्यानं खांब टपापेक्षा उंच केले. आता मात्र मजा आली. रिकामी गाडी त्याच वळणावर घातली आणि शेपटीनं रस्ता धरला. फार नाही. आमच्या वेगाला वारं दाबून दाबणार किती? पण हाताला फरक कळला. मालक शेजारी बसले होते. त्यांनी लहान लेकरासारखं तेच वळण परत घ्यायला लावलं, आणि परत.

धूळ मात्र वाढली. काकू पुन्हा टोपलं घेऊन बसल्या, आणि ह्या वेळी मला आरशात नीट दिसलं. वरचं वारं पंखावर चढून आभाळाकडं जात होतं, त्यामुळं खालची पोकळी आणखी मोठी झाली होती. मी म्हटलं, "काकू, पंख वारं वर फेकतो म्हणून गाडी खाली दबते. तोच उलटा कलवला, मागची कड खाली केली, तर वारं फाळक्यामागं खाली उतरेल. पोकळीत धुळीच्या आधी तेच शिरेल."

"मग कलव की."

"पण मग शेपूट उचलली जाईल. आधीच हलकी आहे."

काकूंनी कमरेवर हात ठेवले. "हौद्यात रुखवत असणार, आमी पाच-सात बाया असणार. मला उचलणारं वारं अजून जन्मायचंय!"

खरंच होतं. भरल्या गाडीला दाब नको होता, स्वच्छ वारं हवं होतं. रिकामीला दाब हवा होता, धुळीचं कोणाला काय. आम्ही खांबांना भोकं पाडून घेतली. बोल्ट काढायचे, पंख कलवायचा, परत आवळायचे.

पण मालक अडून बसले. "हे मान खाली घातल्यावानी दिसायलंय. पोरीच्या बापाची गाडी हाय, आधीच मान खाली!"

काकू म्हणाल्या, "गाडीची जाऊ द्या की खाली. रुखवत मळलं तर तुमची जाईल."

मालक मिशीत हसले आणि स्वतः पाना घेऊन हौद्यात चढले.

लग्नाच्या दिवशी मी रस्त्यापेक्षा आरशातच जास्त बघत होतो. मागं काकू आणि बाकीच्या बायका लाडूंना मिठ्या मारून बसल्या होत्या. फुफाट्याचा पट्टा लागला. तेवढ्यात मागून गाणं सुरू झालं. मला केवढं बरं वाटलं! धुळीत कोणी तोंड उघडून गात नाही. गाणं चालू आहे तोवर रुखवत ठीक आहे, असं धरून मी चालवत राहिलो.

एकदम गाणं थांबलं.

मी गाडी कडेला घेतली, पळत मागं गेलो. "काय झालं? धूळ आली का?"

"न्हाई रं बाबा," काकू म्हणाल्या. "हिचं म्हणणं, जावयाचं नाव आधी घ्यायचं. माझं म्हणणं, इहिणीला आधी टोमणा हाणायचा. तू सांग."

"टोमणा हाणा," मी म्हणालो, आणि सगळ्या इतक्या हसल्या की शंकरपाळ्यांचं देऊळ हललं.

झरीला मांडवात रुखवत उतरलं. नवऱ्याची आई पुढं आली. तिनं कुरडईवरून बोट फिरवलं आणि बोट उन्हात धरून पाहिलं. मी गाडीशी उभा राहून तेच बोट बघत होतो. बोटावर काही नव्हतं. तिनं लाडवावरून फिरवलं. काही नाही. मग ती काकूंना म्हणाली, "वाटंत गाडी हाकलीत का डोक्यावर घेऊन आलात?"

पंगतीत मालक स्वतः वाढायला आले. माझ्या पानात एक बुंदीचा लाडू ठेवला, मग आणखी एक. "पुढच्या सालाची लग्नं बी तूच घे," म्हणाले आणि पुढं सरकले. परत पाठवण्याची गोष्ट त्यांनी पुन्हा कधी काढली नाही. मला मात्र ती बरेच दिवस आठवत राहिली. माझा स्वभावच तसा.

मी राहिलो. इथंच संसार झाला, गाड्या बदलल्या, केस पिकले. गावी गेलो की आई अजून विचारते, परक्या मुलखात तुला धरून ठेवलं तरी कोणी? मी काहीतरी सांगतो, पण तिला माणूस बघायचाय. काकूंचे गुडघे आता दुखतात, लांबचा प्रवास नको म्हणतात. तरी एकदा मी त्यांना पुढं खिडकीपाशी बसवून, हळूहळू, थांबत थांबत घाट उतरवणार आहे आणि आईच्या दारात उभं करणार आहे. सांगणार आहे, आई, ह्यांनी. मग दोघी मिळून मला काय नावं ठेवायची ती ठेवू देत. काकू, हे माझ्याकडून राहिलंय. नेणार म्हणजे नेणार.