एकोणचाळीस मिनिटांचं प्रवचन

तिला सगळे पेचकस म्हणत. शिलाई मशीन दुरुस्त करणं हा तिचा धंदा, आणि अंबाड्यात कायम एक बारीक पेचकस खोचलेला. कुणी विचारलंच तर म्हणायची, "हात दोनच आहेत, तिसरी जागा डोक्यात." तोंडानेही तशीच. समोरच्याचं कुठे ढिलं आहे ते पहिल्या वाक्यात हेरायची आणि दुसऱ्या वाक्यात पिळायला घ्यायची.

महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी तीन वाजता, वाचनालयाच्या वरच्या खोलीत चाहत्यांचं मंडळ भरायचं. चाळीस खुर्च्या, त्यातल्या सहा डुगडुगणाऱ्या. भिंतीवर ताणलेली चादर, आणि चादरीवर एकाच रॉक बँडच्या कार्यक्रमांच्या फिल्म. बँड तीस वर्षांचा. गायकाचे केस गेले, आवाज टिकला, आणि दोन गाण्यांच्या मध्ये लोकांना शहाणं करायची खोड मात्र वाढत गेली.

फिल्म संपली की वाद सुरू.

"पहिली फिल्म ती फिल्म," चष्म्याच्या दुकानवाला म्हणायचा. "तीन कॅमेरे, पण गिटारवाल्याच्या बोटाला बांधलेली पट्टीसुद्धा दिसते. नव्या फिल्ममध्ये पंचवीस कॅमेरे. बोट दिसतंय न दिसतंय तोच आपण छपरावर!"

"आणि आवाज?" पेचकस लगेच उसळायची. "तुझ्या पहिल्या फिल्ममध्ये ड्रम वाजतो की कुणी गादी झोडपतंय?"

"झोडपतंय, पण खरं झोडपतंय!"

"नंबर तपासून घे स्वतःचा. कानाचा."

इथपर्यंत मजा होती. खरी ठिणगी पडायची ती गायकाच्या बोलण्यावरून. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे गणित शिकवून निवृत्त झालेले मास्तर. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "गाणं सगळ्यांचं असतं. भाषण त्याचं एकट्याचं. आपण गाण्यासाठी येतो."

"मग त्याच्या एकट्याशी मला भांडू द्या ना," पेचकस म्हणायची.

आणि ती भांडायची. गायक चादरीवर बोलायला लागला की ही खुर्चीतून उत्तर द्यायची. तो म्हणाला, "घड्याळ त्यांचं असेल, हात तुमचे आहेत," की ही म्हणायची, "हात आमचे, म्हणून तर सुई आमच्याच बोटात जाते. पुढे बोल." अर्धी खोली हसायची. उरलेली अर्धी मास्तरांकडे बघायची.

हिला त्या माणसाचा एवढा राग का, आणि राग आहे तर ही दर महिन्याला येते का, हे मंडळात फार थोड्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या फिल्ममधला तो मैदानातला कार्यक्रम तिने प्रत्यक्ष पाहिला होता. फिल्ममध्ये ती दिसत नाही. पार मागे, पाण्याच्या टाकीजवळ उभी होती. तेव्हा ती कपडे शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसायची. कामाची पाळी सुरू झाली की दाराला बाहेरून कुलूप. एकशे दहा बायका आत, किल्ली बाहेर. त्या दिवशी गायक अकरा मिनिटं बोलला. म्हणाला, उद्या कामावर गेलात तरी मशीनला हात लावू नका. हजारो लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवशी तेच मुकाट कामाला लागले. हिने आणि आणखी सहा जणींनी खरंच मशीन बंद ठेवली. अकरा दिवस. बाराव्या दिवशी कुलूप गेलं ते कायमचं, आणि त्याच दिवशी सातही जणी कामावरून गेल्या.

मग ती एका म्हाताऱ्या कारागिराकडे मशीन उघडायला शिकली, आणि चार वर्षांनी त्याच कारखान्यात स्वतःची हत्यारांची पेटी घेऊन, दुरुस्तीवाली म्हणून, पुढच्या दाराने आत शिरली. दार उघडंच होतं.

तेव्हा राग होता तो असा. ऐकलं याचं आणि भोगलं आपण. पण ऐकल्याचा पश्चात्ताप? तो विचारायची कुणाची छाती नव्हती.

तर, बँडला तीस वर्षं झाली म्हणून मंडळाने खुला खेळ ठरवला. बाहेरचे लोक येणार. मास्तरांनी ठराव मांडला: मैदानातली फिल्म लावायची, पण भाषणं कापून. चौदा विरुद्ध नऊ मतांनी पास झाला. त्यालाच जोडून दुसरा: फिल्म चालू असताना जो बोलेल त्याचं सदस्यत्व रद्द. नाव कुणाचंच घेतलं नव्हतं, तरी बाकीच्या बावीसच्या बावीस माना एकाच खुर्चीकडे वळल्या.

कापायचं काम गेलं तिच्या भाचीकडे. भाची लग्नाच्या व्हिडिओंची कापाकापी करायची, हात सफाईचा.

"एकोणचाळीस मिनिटं निघाली, मावशी," तिने घरी येऊन सांगितलं. "नुसतं प्रवचन!"

"माझी अकरा त्यातच गेली?"

"ठराव आहे गं. मी काय करू?"

"तू काही करू नकोस. लग्नात मामा कापतेस, इथे मावशी काप."



खेळाच्या दिवशी जागा पुरली नाही. लोक खिडकीत बसले. पेचकस तिसऱ्या रांगेत, ओठ घट्ट मिटून. चौथं गाणं संपलं. पुढच्याच क्षणी गायकाचा कोरडा शर्ट ओलाचिंब झाला. चादरीवरच्या गर्दीत पहिल्या रांगेतली एक बाई हमसून हमसून रडत होती. तिच्या शेजारचा माणूस एक बूट हातात घेऊन गायकाकडे दातओठ खात बघत होता. आणि पाचवं गाणं मधूनच सुटलं, कारण भाषण चालू असतानाच ड्रमवाल्याने खालून हळूहळू ठेका धरलेला असायचा, आणि तो ठेकाही भाषणासकट गेला होता. मंडळातल्या कुणाच्याच हे डोक्यात आलं नव्हतं. भाषण म्हणजे नुसती बडबड, असंच सगळे धरून चालले होते.

खिडकीतून कुणीतरी म्हणालं, "बाईला काय झालं एवढं? गिटारची तार लागली का डोळ्यात?"

खोलीभर हशा पिकला. बूटवाल्याला बघून तर लोकांना हसू आवरेना.

पेचकस उठली. सरळ प्रोजेक्टरच्या झोतात. गायकाचं तोंड तिच्या खांद्यावर हलायला लागलं.

"काय झालं ते मी सांगते."

"ताई, बसा," मास्तर म्हणाले. "नियम माहीत आहे तुम्हाला."

"पाठ आहे, मास्तर. हेही पाठ आहे."

आणि तिने ते अकरा मिनिटांचं भाषण म्हटलं. शब्द न शब्द. इतकी वर्षं एखाद्याशी भांडलं की त्याचं बोलणं आपल्यापेक्षा कुणाला जास्त येणार? त्याचं एक वाक्य, मग तिचं एक. "तो म्हणाला, मशीनला हात लावू नका. मी नाही लावला. अकरा दिवस! तू आला होतास का रे दारात? नाही आलास. पण कुलूप गेलं. ते तू नाही काढलंस, आम्ही सात जणींनी काढलं. आणि हे बोलणं कापलंत तर आम्ही ते कशावरून काढलं, हे कोण सांगणार? ती बाई हेच ऐकून रडते, हे कोण सांगणार?"

"पण बूटवाला?" खिडकीतल्याने विचारलं. आता तो हसत नव्हता.

"तो आमचा मुकादम. बूट फेकला त्याने. नेम चुकला."

चादर एकदम अंधारली. प्रोजेक्टरपाशी बसलेल्या भाचीने फिल्म थांबवली होती. मास्तर तिच्याकडे वळले, पण तिने मान वर केली नाही. खिशातून दुसरा पेनड्राइव्ह काढला आणि लावला. चौथं गाणं संपलं. गायकाचा शर्ट कोरडा होता. त्याने माइक हातात घेतला, बोलायला लागला, आणि त्याच्या बोलण्याखाली ठेका सुरू झाला.

पेचकस खाली बसली. तिसऱ्याच वाक्याला म्हणाली, "थापा मारू नकोस, पुढे बोल."

सदस्यत्व त्याच आठवड्यात रद्द झालं. पत्र आलं, मास्तरांच्या सुंदर अक्षरात. पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारी ती तीनला पाच मिनिटं असतानाच हजर. सदस्यांच्या रांगा सोडून मागे पाहुण्यांसाठी ठेवलेल्या डुगडुगत्या खुर्च्यांपैकी एक तिने उलटी केली, अंबाड्यातून पेचकस काढला, चारही स्क्रू घट्ट केले आणि बसली.

"पाहुण्यांना बोलायला बंदी आहे का हो, मास्तर?"

मास्तरांनी नियमांची वही उघडली, दोन पानं उलटली आणि मिटून ठेवली.

"तसं लिहायचं राहिलंय," ते म्हणाले.

"मग दिवे घालवा."