बाबांचा टाय राजधानीत

जर्मनीतलं माइन्त्स ही एका राज्याची राजधानी आहे, हे मी बाबांना सांगितलं तीच पहिली चूक. एसटी डेपोत कारकुनी केलेल्या माणसाच्या डोक्यात राजधानी म्हणजे मंत्रालय, मोर्चे आणि लाल दिव्याच्या गाड्या. त्यांनी अख्ख्या डेपोला सांगून टाकलं, पोरगं राजधानीत डॉक्टर होतंय. मग दर रविवारी स्काइपवर चौकशी.

"मंत्री दिसतात का रे?"

"दिसतात की. शनिवारी कॅथेड्रलसमोरच्या बाजारात बटाटे घेतात."

"बंदोबस्त?"

"पिशवी असते फक्त."

"मग लोक अर्ज कुणाला देतात?"

निम्मं गाव विद्यार्थ्यांचं, बरंचसं उरलेलं सरकारी नोकरांचं. संध्याकाळी दोघंही ऱ्हाइनच्या काठावर वाइन घेऊन बसत आणि कोण कुठला ते कळत नसे. मी मात्र लगेच कळायचो. अख्ख्या काठावर कानटोपी घातलेला मी एकटाच.

निघताना बाबांनी मला त्यांचा टाय दिला होता. आयुष्यातला एकमेव, निळा, लग्नातला. आमच्या घरी भिंतीवरच्या तसबिरीतही कोट-टायच. त्यामुळे टाय हा आमच्याकडे नट्टापट्टा कधीच नव्हता. त्याच्या टोकाला चहाचा डाग होता. तो डिझाइनचाच भाग आहे, असं बाबा ठामपणे सांगत. मला गाठ येत नाही हे ओळखून त्यांनी ती स्वतःच मारली आणि टाय गाठीसकट स्टीलच्या डब्यात ठेवला.

"गाठ सोडायची नाही. सैल करायची आणि डोक्यातून काढायची. डॉक्टर होशील त्या दिवशी घाल. मला बघायचंय."

त्यांचं डायलिसिस तेव्हा सुरू झालेलं होतं. म्हणून त्या 'बघायचंय'ला मी नुसतं हो म्हणालो, विनोद केला नाही.

पण माझा धीर कुठला टिकायला? पुढच्या फेब्रुवारीत प्रोफेसरांसमोर पीएचडीचं काम मांडायचं होतं. म्हटलं, रंगीत तालीम होऊन जाऊ दे. डबा उघडला, टाय डोक्यातून घातला आणि निघालो. तो कार्निव्हलचा गुरुवार होता. त्या दिवशी या गावात बायकांचं राज्य असतं आणि दिसेल त्या पुरुषाचा टाय त्या कापतात. गावातलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. पुरुष त्या दिवशी टाय घालत नाहीत, किंवा फेकून द्यायच्या लायकीचा घालतात.

कॉरिडॉरमध्ये आमच्या विभागाच्या सेक्रेटरीबाई कात्री घेऊन समोरून आल्या. मागे प्रयोगशाळेतल्या चारदोन मुली. बाईंनी टायकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. माझं जर्मन तेव्हा बेकरीपुरतं. मला वाटलं, टायचा धागा निघालाय आणि बिचाऱ्या मदत करतायत. मी अदबीनं म्हणालो, "या, या, बिट्टे!" म्हणजे हो, हो, करा ना, आणि त्यांना सोपं जावं म्हणून टाय दोन्ही हातांनी ताणून धरला.

कच्‌.

गालावर एक पापा मिळाला, टाळ्या पडल्या. मी "डांके", म्हणजे आभारी आहे, म्हणालो. हे मी अजूनही कुणाला सांगतो तेव्हा लोक या 'डांके'ला सगळ्यात जास्त हसतात.

रविवारी स्काइपवर बाबाही हसले. खोकला येईपर्यंत हसले. "तूच धरून दिलास? अरे गाढवा!" मग पाणी प्यायले आणि म्हणाले, "टोक कुठंय?"

"बाईंच्या फळ्यावर. पकडलेले सगळे टाय तिथे टाचून ठेवतात."

"मागून घे. तुझी आई शिवून देईल."

मी मागायला गेलोही. पण बाई आनंदानं विचारत, "बोला, काय हवंय?" आणि मी हवेबद्दल बोलून परत यायचो. एका कापडाच्या तुकड्यासाठी वर्षभराची मजा कशाला मोडायची, असं वाटायचं. हिवाळा सरला, चेस्टनटला फुलं आली. टोक फळ्यावरच. बाबा दर रविवारी विचारत. मग रविवारी बाबांना बसवेना, फोन आईच्या हातात आला.

पावसाळ्यात ते गेले. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्रिसरण म्हटलं, एवढंच आठवतं.

परत आल्यावर सेक्रेटरीबाईंनी विचारलं, "वडिलांचा फोटो आहे?" मोबाइलमध्ये आईबाबांच्या लग्नाचा होता. बाई तो बघत राहिल्या. मग मान वर करून फळ्याकडे बघितलं. मी हवेबद्दल काहीतरी बोललो. दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्या जागी नुसती टाचणी होती. मला वाटलं, बाईंनी टोक टाकून दिलं.

नोव्हेंबरात मी डॉक्टर झालो. गळ्याशी गाठ आणि खाली वीतभर टाय, वरून कोट घट्ट लावलेला. इथल्या रिवाजाप्रमाणे सोबत्यांनी पुठ्ठ्याची उंच टोपी करून ठेवली होती. वर पुठ्ठ्याची रिक्षा, मसाल्याची डबी, माझी कानटोपी. बाई पुढे आल्या आणि त्यांनी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. कानाशी काहीतरी हललं. गोंड्याच्या जागी निळं टोक लोंबत होतं, वरच्या कडेला बारीक हातशिलाई घातलेलं.

रिकाम्या खोलीत जाऊन आईला स्काइप लावला. तिनं आधी मला बघितलं, मग टोपी.

"अहो, बघा..." म्हणाली आणि थांबली. सवयीनं निघालं होतं तोंडातून. मग म्हणाली, "टोपी काढ. ते निळं दाखव."

मी टोक कॅमेऱ्यासमोर धरलं.

"डाग आहे ना? मीच सांडला होता चहा, लग्नाच्या दिवशी. त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. जवळ आण."

मी जवळ नेलं.

"अजून."

टोक कॅमेऱ्याला टेकलं. आता तिला तिकडे नुसता अंधार दिसत असणार.

"हं," आई म्हणाली. "राहू दे असंच."