ओट्यावर विणणारे आप्पा

सकाळी मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते, तेवढ्यात बदलापूरहून सुधीरचा, माझ्या धाकट्या भावाचा, फोन आला. "ताई, आप्पा गेले. चहा घेतला, पेपर मागितला, आणि मी पेपर घेऊन येतोय तोवर..."  नव्वदी ओलांडलेला बाप असा चहा पिऊन शांतपणे गेला तर लोक म्हणतात, सोनं झालं. मलाही सगळे तेच म्हणत होते आणि मी मान डोलावत होते. पण नाशिकहून बदलापूरपर्यंतचा तो प्रवास कसा केला ते माझं मला ठाऊक.

तेराव्याला माझ्याच वयाची एक बाई आली. फोटोला नमस्कार करून कोपऱ्यात बसली. सुधीरच्या बायकोनं विचारलं, "आपण कुठल्या?" ती म्हणाली, "मी निर्मला. अंबरनाथची. आप्पांची विद्यार्थिनी." सुधीरची बायको गोंधळली. सासरे विणतात हे तिला माहीत होतं, घरातल्या प्रत्येक बाळाचं टोपडं त्यांच्याच हातचं होतं. पण जन्मभर कारखान्यात बॉयलरवर काम केलेल्या माणसाची विद्यार्थिनी? "आप्पा कधी बोलले नाहीत," ती म्हणाली. कसे बोलतील? ती गोष्ट सांगायची तर आधी माझा खोटेपणा सांगावा लागला असता. आप्पांनी तो साठ वर्षं झाकून ठेवला. आता मीच सांगते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आप्पा कल्याणजवळच्या मिलिटरी कॅम्पातल्या इस्पितळात वॉर्डबॉय होते. तिथली एक गोरी नर्स जखमी शिपायांना विणायला बसवायची, बोटांना व्यायाम म्हणून. एका शिपायाचा उजवा हात कायमचा गेला होता, पण तो हट्टाला पेटला होता की विणीनच. नर्सनं आप्पांना त्याच्या शेजारी बसवलं. डावी सुई त्याची, उजवी आप्पांची. दोघांनी मिळून एक मफलर पुरा केला. शिपाई आपल्या देशी गेला आणि आप्पांकडे उजव्या हाताचं विणकाम उरलं. डाव्याचं ते स्वतःच शिकले. पुढे त्याच कॅम्पात सिंधमधून आलेली माणसं राहू लागली, बराकींचं उल्हासनगर झालं, आणि आप्पा लोकर आणायला पुन्हा तिथंच जाऊ लागले. कॅम्प चारमध्ये एक सिंधी आजी बराकीच्या दारात खाटेवर लोकर मांडून बसायच्या. मी एकदा बरोबर होते. आजींनी विचारलं, "मर्द होके बुनता है?" आप्पा म्हणाले, "हात को क्या मालूम, माँजी, मरद का है के औरत का?" आजी इतक्या हसल्या, की एक लडी जास्तीची देऊन बसल्या.

अंबरनाथला आमची कारखान्याच्या चाळीत दोन खोल्यांची जागा होती. पहिली पाळी संपवून आले की आप्पा हातपाय धुऊन ओट्यावर बसायचे, सुया घेऊन. चाळीतली माणसं वाईट नव्हती, पण येताजाता कुणीतरी "काय आप्पावहिनी, स्वेटर कुठवर आला?" असं म्हणायचंच. आप्पा खरोखरच स्वेटर उचलून दाखवायचे... "बगलेपर्यंत." आईला मात्र ते लागायचं. "अहो, आत बसून विणा ना," ती दबक्या आवाजात म्हणायची. आप्पांचं उत्तर ठरलेलं, "आत उजेड नाही."

एकोणीसशे पन्नासनंतरची ती चार-पाच वर्षं. मी सहावीत होते. वार्षिक परीक्षेला शिवणाच्या बाईंनी बाळमोज्यांचा जोड विणायला सांगितला होता. चार सुयांवर मोजा विणताना टाच वळवावी लागते, आणि ती काही केल्या माझ्याच्यानं वळेना. तीनदा उसवलं, रडले, शेवटी मोजे तसेच टाकून खेळायला गेले. परत आले तर दोन्ही टाचा वळवलेल्या, काठ बंद केलेले, मोजे घडी करून माझ्या दप्तरावर ठेवलेले. मी ते तसेच दिले. बाईंनी मोजा बोटांत घालून सगळ्या वर्गाला दाखवला. "किती सुरेख टाच! कुणी शिकवलं गं?" चाळीतल्या तीन मुली माझ्या वर्गात होत्या. त्या आधीच तोंडावर हात धरून हसत होत्या. मी म्हणाले, "आईनं."

निकाल लागला, सुट्टी सुरू झाली. सुट्टीचा पहिला दिवस आमच्याकडे पापडांचा असे. आजोळी जायच्या आधी आई वर्षाचे पापड करून घ्यायची. सकाळी दहाचा सुमार, आईचे हात तेलात, मी लाट्या चोरून खातेय, सुधीर पापडांवरचे कावळे हाकलतोय, आप्पांची दुसरी पाळी म्हणून ते ओट्यावर विणत बसलेले. आणि समोरून छत्री घेतलेल्या शिवणाच्या बाई! माझ्या घशात लाटी अडकली.

"शालूच्या आई आहेत का?" बाईंनी आप्पांना विचारलं. "त्यांच्या हातची टाच पाहिली. म्हटलं, सुट्टीत चार मुलींना शिकवतील का विचारावं."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदा. मग हातातलं विणकाम बाजूला ठेवून उठले आणि हसत म्हणाले, "या ना, बाई, बसा. विणणारी आत आहे, मी आपला तिचा गुंता सोडवत बसलो होतो... अगं, बाई आल्यात, तुझ्या मोज्यांचं कौतुक करताहेत!"

आई पदराला हात पुसत दारात आली. तिनं आप्पांकडे पाहिलं, ओट्यावरच्या सुयांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला सगळं कळलं. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी भागलं असतं, आणि तिला आवडलंही असतं ते, चाळीसमोर... मी मनातल्या मनात देवाला हात जोडत होते.

"बाई, मला सुईत दोरा ओवता येतो, तेवढंच," आई म्हणाली. "विणतात ते हे."

 बाई छत्री मिटून ओट्यावरच बसल्या. "मग टाच कशी वळवता, दाखवा बरं," त्या आप्पांना म्हणाल्या. "खरं सांगू? मलाही ती नीट येत नाही."

बाई गेल्यावर आईनं मला आत ओढलं. "बापाचं नाव सांगायला लाज वाटली तुला?" मी रडत रडत उलटून बोलले, "तूसुद्धा त्यांना आत बसा म्हणतेस!" मला वाटलं, आता मार बसणार.  पण आई पाटावर बसली आणि किती तरी वेळ एकच पापड लाटत राहिली. तो फाटला तरी तिला कळलं नाही. मी बाहेर गेले तेव्हा आप्पा कामावर निघाले होते. मी मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी माझी वेणी जराशी ओढली. "टाच माझी, आणि मार्क तुला," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं स्वतः ओट्यावर सतरंजी अंथरली. भर ओट्यावर, जिन्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला वळसा घालावा लागेल अशी. बाईंनी चौदा मुलींना सांगितलं होतं, आल्या पाच. पुरुषाकडे विणकाम शिकायला पाठवायचं कसं, असं घरोघरी झालं असणार. पाचातली एक निर्मला. तिच्याबरोबर तिचे वडीलही आले, काळी टोपी, हातात काठी, आणि राखण करायला बसावं तसे भिंतीला टेकून बसले.  तिसऱ्या दिवशी लडीचा गुंडा करायला दोन हात कमी पडले. आप्पांनी काही न विचारता लडी त्यांच्या मनगटांत अडकवली. "हात जरा लांब धरा, साहेब." साहेबांनी धरले. सुट्टी संपेपर्यंत मग लडी धरायला तेच. त्या वर्षी आम्ही आजोळी आठ दिवस उशिरा गेलो, आणि आईनं कुरकुर केली नाही. "आप्पावहिनी" म्हणणारेही हळूहळू थांबले. एकानं तर बायको बाळंत व्हायच्या आधी टोपडं मागितलं.

मी आप्पांची माफी कधी मागितली नाही. बारा वर्षांची असताना धीर झाला नाही, आणि पुढे वाटत राहिलं, ते विसरले असतील. तेराव्याला निर्मलेजवळ बसून हे सगळं बोलले तेव्हा तिनं नुसता माझा हात धरून ठेवला.

आप्पांची एक सवय आम्हा सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. घरातून कुणीही निघालं की ते दारापर्यंत येत आणि पाठीवर हात ठेवत, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, सावकाश. पाहुण्यांना वाटायचं, म्हातारा आशीर्वाद देतोय. घरच्यांना माहीत होतं, ते वितीनं माप घेताहेत. दोन महिन्यांपूर्वी मी निघाले तेव्हा त्यांना दिसत फारसं नव्हतं, सुया हातातून सुटून वर्ष झालं होतं. तरी भिंतीला धरून दारापर्यंत आले. थरथरती वीत माझ्या पाठीवर टाकली, मग पुढे दोन बोटं... थांबले, पुन्हा मोजलं.

"शालू, बारीक झालीस गं," म्हणाले.