सात बायकांचा फोटो

डांबरगोळ्यांचा वास आला की वडिलांची पत्र्याची पेटी आठवते. नव्वदच्या सुमारास, ते गेल्यावर, तीत नात्यातल्या एका लग्नातला फोटो सापडला. फोटोत सात बायका होत्या आणि मागे फक्त माझ्या आईचं नाव होतं. मी तान्हा असतानाच ती वारली. तिचा चेहरा मला आठवत नव्हता आणि तिचा दुसरा फोटोही नव्हता. तिला ओळखणारी पनवेलची आत्या तेवढी उरली होती. पण जन्मभर मिठागरात राबून तिची नजर गेली होती. फोटोवर बोटं फिरवत ती म्हणाली, "तुजी आय हिरवं लुगडं नेसली व्हती. बग, लगेच दिसंल." मी म्हणालो, "आत्या, फोटो काळापांढरा आहे." तिची बोटं थांबली. "मंग मी काय सांगू रं?" पुढच्या वर्षी तीही गेली. आता माझी मुलगी विचारते, यातली आजी कोणती? मला बोट ठेवता येत नाही.