साथीदाराची वाहवा

माझा धाकटा भाऊ फौजेत आहे. आमचं माहेर पलूसजवळच्या गावात, मी लग्न होऊन सांगलीत आले. आई गेली तशी त्याची वाचाच गेली म्हणा. फोनवर जेवलास का, बरा आहेस का, एवढ्यावर आमचं बोलणं संपायचं. मात्र सुट्टीत माझ्याकडे येऊन, इथंच ठेवलेलं त्याचं गेमचं मशीन टीव्हीला लावून खेळायला बसला की तो मोकळा व्हायचा. गेम दोघांनी खेळायचा होता. बर्फाचा डोंगर, दोन गडी आणि दोघांच्या कमरेला एकच दोर. एकानं चढायचं, दुसऱ्यानं दोर धरायचा. नजर पडद्यावर असली की त्याला बोलायला जड जात नसे. हुकलेली बढती, वरिष्ठांची बोलणी, आई स्वप्नात येऊन चहा मागते ते, हे सगळं मला त्या डोंगरावरच कळलं. मी दोर धरून गप्प ऐकायची.

पण तो डोंगर चढून चढून आम्हाला पाठ झाला. कुठं पाय घसरतो, कुठं वादळ येतं, सगळं माहीत. मग तो भराभरा चढून मोकळा व्हायला लागला आणि बोलणं पुन्हा आटलं. तेवढ्यात दुसरा भाग येणार अशी बातमी आली. मला वाटलं, देव पावला.

गेम बाजारात यायच्या आधीच काही जाणत्या मंडळींना तो खेळायला मिळाला होता, आणि ती नुसती वेडी झाली होती. असा गेम झाला नाही, होणार नाही, म्हणे. मी त्यांचं लिहिलेलं शोधून शोधून वाचायची आणि भावाला फोनवर मराठीत सांगायची. साथीदार इतका जिवंत झालाय की खेळताना कुणाची उणीव भासत नाही, असं एकानं लिहिलं होतं. ते तर मी त्याला दोनदा सांगितलं.

आता खरं सांगायचं तर मी कुपवाडला एका कारखान्यात माल तपासते. पंपाचे सुटे भाग. मागचा माल कितीही सोन्यासारखा आलेला असो, नवा नग मापल्याशिवाय मी पुढे सोडत नाही. कुणी सर्टिफिकेट नाचवलं की सांगते, कागद ठेवा बाजूला, नग दाखवा. तिथं माझा दरारा आहे. घरी मात्र खाण तशी माती म्हणत मी न पाहिलेला माल डोळे मिटून पास केला.

आमच्या गावचे फौजी गडी सुट्टी जत्रेला धरून घेतात. पालखीला पहिला खांदा त्यांचा असतो. भावानं विचारलं, “आक्का, सुट्टी जत्रंला घिऊ का गेमला? दोनी जमायचं न्हाई.”

“गेमला घे,” मी म्हणाले. “एवढी मान्सं चांगलं म्हनत्यात, ती काय येडी हायती?”

जत्रेत पालखीखाली त्याची जागा दुसऱ्यानं घेतली. चुलते मला म्हणाले, “देवापरीस खेळ मोठा झाला व्हय गं?” मी हसण्यावारी नेलं.

तो आला. मी रजा टाकली, शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या, दुपारी दोघं टीव्हीसमोर बसलो. त्याचा रिमोट चालू झाला, माझा काही होईना. त्यानं सेल बदलले, वायर लावून पाहिली, मग गेममध्ये शोधत बसला. बराच वेळ खाली-वर करून म्हणाला, “आक्का, ह्यो एकट्याचाच हाय गं. दुसरा गडी मशीनच चालीवतंय.”

तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ लागला. ज्याचं कौतुक मी फोनवर दोनदा सांगितलं, तो साथीदार माझ्या जागेवर आला होता.

त्या लोकांना शिव्या तरी कशा द्यायच्या? ते खोटं बोलले नव्हते. त्यांच्या मापात माल पास होता. आमचं माप काय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि मीही विचारायला गेले नाही. गेम खरंच देखणा होता. टाकाऊ निघाला असता तर दोघांनी मिळून नावं तरी ठेवली असती. सबंध सुट्टी तो खेळत राहिला आणि मी शेजारी भाजी निवडत बसले. पडद्यावरचा साथीदार फार छान बोलायचा. भाऊ बटण दाबून त्याला उत्तर द्यायचा.

एकदा मी विचारलं, “तिकडं थंडी लय हाय का रं?”

“हाय,” तो म्हणाला. बस.

मला त्या मशीनचा इतका संताप आला की वाटलं, खिडकीतून भिरकावून द्यावं.

निघायच्या दिवशी त्यानं ते मशीन बॅगेत घातलं. “न्हेऊ का गं संगं? आता तिकडं एकट्याला खेळाय येतंय.”

“ने की.”

“बरं झालं. तुला कुठं आवडायचं? माझ्यापायी बसायचीस ताटकळत. आता सुटलीस बग तू.”

हे तो अगदी मायेनं बोलला. मला आवडायचं रं, वर्षभर मी त्याचीच वाट बघायची, असं तोंडापर्यंत आलं होतं. पण ते ऐकून तो मशीन माझ्याकडे ठेवून गेला असता, आणि तिकडं त्याला तेवढाही सोबती उरला नसता. म्हणून म्हटलं, “व्हय रं बाबा, सुटले एकदाची.”

तो हसला. त्या सुट्टीत पहिल्यांदाच.