माझा दम संपेपर्यंत

आज रोहू कापताना पोटात अंडी निघाली, आणि मी मनानं थेट खाप्याजवळ कन्हान नदीच्या पाण्यात जाऊन उभी राहिले.

पंधरा वर्षांपूर्वी तिथं माझ्या गळाला अशीच अंड्यांनी भरलेली, हातभर लांब मादी लागली होती. अशी मादी सोडायची, आणि ती बाहेर असेतो आपणही श्वास रोखायचा, हा बाबांचा नियम. आपला दम संपला की ती पाण्यात.

“थांब वं ताई, फोटो काढून राहिलो ना!” भाऊ पिशवीत मोबाइल शोधत ओरडला. गार, बुळबुळीत अंग हातात धडपडत होतं. माझी छाती फुटायला आली. मी सोडली.

“आता कोणाले खरं वाटन हे?”

स्वतः पाहिलेलं असूनही, फोटो नाही म्हणून अजून प्रत्येक लग्नात तो मला चिडवत खोटी ठरवतो. खोटी तर खोटी! उद्या पुन्हा लागली, तरी माझा दम संपेपर्यंतच थांबेन. मोबाइल सापडो, न सापडो.